पंतांच्या हातातला बोरू

१

हरिश्चंद्रपंत आठल्ये लिहिता लिहिताच गेले, असं आधी सगळ्यांना वाटलं. दिसतही तसंच होतं. ओटीवरच्या बैठ्या मेजावर डोकं टेकलेलं, समोर कोरा कागद, उजव्या हाताच्या बोटांत बोरूची लेखणी आणि तिच्या टोकाशी वाळलेल्या शाईचा जाड डाग. पंतांसारख्या माणसाला यापेक्षा शोभेसं मरण कोणतं, असं म्हणत शेजारीपाजारी अंगणात जमले. मग त्यांना आडवं करायला कोणीतरी मानेखाली हात घातला, आणि तो हात बाहेर काढून तसाच धरून ठेवला. हाताला रक्त लागलं होतं. डोक्याला मागच्या बाजूनं, दाट केसांखाली, खोल खोक पडली होती.

दिवेलागणीच्या आत तुळसाला पोलीस चौकीवर घेऊन गेले.

तुळसा पंतांकडे धुणं, पाणी, केरवारे करायची. मंडणगडाकडच्या कुणब्यांतली. नवरा मुंबईला गिरणीत होता, तिथेच वारला. पदरी काशी नावाची लहान मुलगी. फौजदार देशावरचे, सरळ मनाचे गृहस्थ, आणि त्यांचा हिशोबही सरळ होता. सकाळी तुळसा वहाळावर धुणं घेऊन गेली. परत आली तेव्हा पंत मेजाशी बसून लिहीत होते, असं तिनं आपण होऊन सांगितलं. ती परतल्यापासून दुपारपर्यंत त्या घरात दुसरं कोणी शिरलं नाही, असं समोरच्या गंगुबाईंनी सांगितलं. त्या आपल्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मग लिहिणाऱ्या माणसाच्या मागून घाव घालायला उरलं कोण?

कारणही सापडलं. आदल्या आठवड्यात तुळसानं वाळक्या काड्या समजून पंतांचा एक भारा चुलीत घातला होता. ते होते पंतांनी दूरदूरच्या गावांतून जमवलेले बोरू. पंत इतके चिडले की दसऱ्यानंतर कामाला येऊ नकोस, असं त्यांनी तिला साऱ्या आळीदेखत सुनावलं.

मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या यमुनाबाईंकडे काशीला कोणीतरी आणून सोडलं. बाईंनी तिच्यापुढे दूधभात ठेवला. पोरीनं त्याला हात लावला नाही. ती उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघत राहिली, आणि अंधार पडल्यावर तिथेच बसल्या बसल्या झोपली. तिला उचलून आत आणताना बाईंच्या मनात आलं, हिच्या आईला शिक्षा झाली तर ही पोर या घरात वाढेल, पण रोज त्याच उंबऱ्यावर बसेल.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या देवघरात नवरात्रातलं सरस्वतीचं आवाहन करून, जुनी पुस्तकं पाटावर मांडून, यमुनाबाई चौकीवर गेल्या. फौजदारांची लेक त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे त्यांना कोणी अडवलं नाही.

तुळसा भिंतीला टेकून बसली होती. बाईंना बघताच उठली आणि पहिला प्रश्न केला तो काशी जेवली का म्हणून.

"जेवेल," बाई म्हणाल्या. "तू आधी बस. आणि मी विचारते त्याचंच उत्तर दे, घाई नको. तू वहाळावरून आलीस. पंत दिसले?"

"दिसले ना, बाई. लिवत व्हते."

"लिहीत होते म्हणजे काय करत होते?"

तुळसा गोंधळली. "म्हणजे... बसले व्हते मेजाशी."

"हात हलताना पाहिलास?"

"हात कसा दिसंल? मी मागल्या दारानं आली. पाठ दिसली. मान खाली. पंत मेजाशी मान खाली घालून बसले की लिवतच असतात, आणि काय करणार?"

"हाक का नाही मारलीस?"

"लिवताना हाक मारली तर काय म्हणत, ठाव हाय ना? 'तुळसे, शब्द पळाला माझा, आता तो काय तुझा बापूस धरून आणणार?'" बोलता बोलता तिच्या ओठांवर हसू आलं आणि लगेच डोळे भरले. "मी आपली गप अंगण झाडलान. जेवणाचा टायम टळला तवा गेली बघाय."

"ते तुझ्यावर रागावले होते."

"रागावलेले. पर काल पहाटंला मलाच फुलं आणाय सांगितलानी. लई फुलं. शेवंती, तगर, जास्वंद, मिळंल ती. मला वाटला, राग गेला."

दारात उभे असलेले फौजदार हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हाला वाईट वाटतंय ते दिसतं मला. पण ती परतली तेव्हा ते लिहीत होते, हे तीच म्हणते. मग त्यानंतर त्यांना मारलं कोणी?"

"ती म्हणते, ते बसले होते," बाई म्हणाल्या.

"तेच ते."

यमुनाबाईंनी पदर सावरला आणि त्या निघाल्या. ते एकच आहे की नाही, हे अजून त्यांनाही ठाऊक नव्हतं.

३

काल सकाळी पंतांकडे दोन माणसं येऊन गेली होती आणि दोघांनीही ते लपवलं नव्हतं. एक महिपत गाडीवाला, दुसरे आप्पा मुळ्ये.

आप्पांची आंब्यांची बाग मोठी. यमुनाबाई तिथे पोचल्या तेव्हा ते हापूसच्या रोपांमध्ये बाकावर एकटेच बसले होते. पंत आणि ते लहानपणचे सोबती. काल संध्याकाळी पंतांना खांदा दिला तेव्हा वाटेत त्यांनी तो कोणाला बदलू दिला नव्हता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"ये यमुने," आप्पा म्हणाले. "तुळसेसाठी आलीस ना? बिचारी. माझा विश्वास बसत नाही बघ."

"तुमचं आणि पंतांचं भांडण चाललं होतं म्हणे."

"ते काय आजचं?" आप्पांनी समोरच्या रोपावर हात फिरवला. "तुला ठाऊकच आहे. हे कलम, हातातली लेखणी ती कलम, आणि कायद्याचंही कलमच. मी म्हणतो शब्द आपला, संस्कृतातला. मी तशी पुस्तिका छापली, शाळाशाळांतून वाटली. आणि हरी म्हणायचा, आप्पा, तो शब्द गलबतातून आला."

बाईंनी पंतांच्या तोंडून ते अनेकदा ऐकलं होतं. पंत लहान मुलींनाही ते गोष्टीसारखं सांगत. पाण्याकाठी उगवणारं पोकळ गवत, त्याला आपले पूर्वज नड म्हणत. नडाचा झाला नळ, नळाची नळी, आणि नळीतून पाणी वाहिलं की पुन्हा नळच. तेच गवत समुद्रापलीकडे यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, देशात उगवायचं, तिथे त्याचं नाव कालामोस. त्याला तिरका काप देऊन ते लिहायचे. अरबांनी काडीही घेतली आणि नावही घेतलं, त्यांच्या तोंडी ते कलम झालं, आणि खजूर-घोड्यांबरोबर आपल्या बंदरांत उतरलं. पुढे कापण्याशी त्या शब्दाचा असा काही संग जडला, की झाडाची फांदी कापून जोडली तर कलम, आणि राजानं कोणाचं डोकं उडवलं तर तेही कलम. संस्कृत कोशात कलम आहे खरा, पण आधी तो एका जातीच्या भाताला, असं सांगून पंत डोळे मिचकावत. "बघा पोरींनो, एका गवताच्या काडीनं केवढी वाट चालली!"

"दसरा झाला की वाचनालयात तो लेख वाचणार होता हरी," आप्पा म्हणाले. "काल मी गेलो होतो ते एवढंच सांगायला, की बाबा, जरा सौम्य लिही. पण त्यानं मानच वर केली नाही. बोरू शाईत बुडवतोय, लिहितोय, पुन्हा बुडवतोय. म्हणाला, आप्पा, लेख पुरा करायचाय, आज बोलायला सवड नाही. मी आल्या पावली फिरलो, तो थेट वाचनालयात जाऊन बसलो."

"म्हणजे तुम्ही त्यांना लिहिताना पाहिलंत?"

"या डोळ्यांनी. शेवटचं पाहिलं ते तसंच." आप्पांनी उपरण्यानं डोळे टिपले.

घरातून घंटेचा आवाज आला. "आज आमच्याकडे सरस्वती बसली," आप्पा म्हणाले. "मी काल खांदा दिला, म्हणून लांबच आहे. मुलानं मांडली पूजा."

बाई जड पावलांनी परतल्या. आप्पांची साक्षही तुळसाच्या विरुद्धच जात होती. आप्पा निघाले तेव्हाही आणि ती परतली तेव्हाही पंत जिवंत होते, लिहीत होते, असंच आता आप्पांच्या आणि तिच्या तोंडून ठरलं होतं.

४

पंतांच्या घरी, जिथे त्यांना शेवटचं निजवलं होतं तिथे, गंगुबाईंनी पणती लावून ठेवली होती. ओटीवरच्या आढ्याला बोरूंचे भारे टांगलेले. फडताळात निरनिराळ्या गावचे कापलेले बोरू, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली गावाच्या नावाची चिठ्ठी. पंतांच्या हातातून काढून मेजावर ठेवलेल्या बोरूलाही तसाच दोरा लोंबत होता. वारा आला की भारे एकमेकांवर घासून सुकी सळसळ व्हायची. त्या घरात आता तेवढाच आवाज होता.

महिपत गाडीवाला अंगणात उकिडवा बसला होता.

"तू काल बोरूंचा भारा घेऊन आलास ना रे?" बाईंनी विचारलं.

"व्हय, बाय. देवनळाचा. असा उंच व्हता!" महिपतनं हात वर केला. "म्हटला, पंतानु, सोडून तरी बघा. तर म्हणाले, आता नाय रे महिपत, वर टांगून ठेव, देवी उठली की सोडू. एरवी गाडी थांबायच्या आदी भाऱ्याला हात घालणारा मानूस! माझा मनच खट्टू झाला."

"पंत तेव्हा लिहीत होते?"

"छ्या! सोवळ्याची धाबळी नेसून उभे व्हते, हातात फुलांची परडी. मी निघालू तर उतारावर आप्पा भेटले, वर चढत व्हते. तवा तुळसाबी धुण्याची बालदी घेऊन वहाळाकडं चाललेली."

बाईंनी ते ऐकलं, आणि मनात कुठेतरी काहीतरी अडकलं. पण काय, ते कळेना. त्या ओटीवर चढल्या. मेजापासून माजघरात जायला जांभ्या दगडाची एक पायरी होती. पायरीच्या कडेवर मुंग्यांची काळी रांग लागली होती. बाई खाली वाकल्या. तांबड्या दगडावर तांबडा डाग डोळ्यांना दिसला नसता. कोणीतरी तो ओल्या फडक्यानं पुसलाही होता. पण दगडाच्या भोकांत शिरलेलं मुंग्यांना बरोबर सापडलं होतं.

मेजाशी कोणी पंतांना मारलंच नव्हतं. ते इथे पडले होते.

मग त्यांना मेजाशी बसवलं कोणी?

बाई देवघराच्या दाराशी गेल्या आणि थबकल्या. पाटावर लाल वस्त्र, त्यावर रुमालात बांधलेलं पंतांचं हस्तलिखित, त्यावर त्यांचे रोजचे बोरू, शेजारी त्यांची पितळी दौत. आणि सगळ्यावर फुलंच फुलं. पण शेवंती मलूल झालेली, तगर पिवळी पडलेली, जास्वंद मिटून काळी झालेली.

आपल्या घरची फुलं आज सकाळची, अजून टवटवीत आहेत. मग ही...

"गंगुबाई!" त्यांनी अंगणात येऊन हाक मारली. "पंतांकडे पंचांग कोणतं?"

"नवं," समोरच्या पडवीतून गंगुबाई म्हणाल्या. "आमच्याकडेही तेच. मी कालच देवी बसवल्ये. तुम्ही, मुळ्ये, जोशी, सगळे जुन्याचे. सरस्वतीचं आवाहन मूळ नक्षत्रावर, आणि ते यंदा दोन पंचांगांत एक दिवस पुढेमागे आलंय. दर साली काही येत नाही हो, यंदाच आलंय. का गो, काय झालं?"

यमुनाबाई अंगणातल्या दगडावर बसल्या. सगळं समजलं होतं, आणि समजल्याचा जराही आनंद त्यांना होत नव्हता.

५

फौजदारांना घेऊन त्या पुन्हा आप्पांच्या बागेत गेल्या. आप्पा त्याच बाकावर होते. बाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. वर्गात चुकलेल्या मुलीजवळ बसाव्यात तशा.

"आप्पा, मला एक सांगा. तुमच्याकडे आज सरस्वती बसली. आता तुम्ही पत्र लिहाल?"

"भलतंच काय विचारतेस? देवी उठेपर्यंत कोणी लेखणीला शाई लावतं का?"

"पुस्तक उघडाल?"

"नाही."

"पंत उघडतील? शाई लावतील?"

"हरी?" आप्पा किंचित हसले. "जन्मात नाही. या बाबतीत तो माझ्याहून कडक."

"हे फौजदारांना सांगा. ते देशावरचे, सरकारी कामात देवीसाठी दप्तर बंद ठेवून कसं चालेल त्यांचं."

"अहो, आवाहन झालं की लिहिणं-वाचणं बंद," आप्पा फौजदारांकडे वळून म्हणाले. "पुस्तकं, बोरू, दौत सगळं देवीपुढे. विसर्जनानंतरच..."

ते थांबले. बाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"पंतांच्या घरी काल पहाटे आवाहन झालं, आप्पा. त्यांचं पंचांग नवं. त्यांचे बोरू, त्यांची दौत, त्यांचा लेख, सगळं काल सकाळपासून फुलांखाली आहे. महिपतनं आणलेला भारासुद्धा त्यांनी सोडला नाही. मग तुम्ही या डोळ्यांनी त्यांना लिहिताना कसं पाहिलंत?"

बागेत कोणीतरी रोपांना पाणी घालत होतं.

"त्यांच्या हातातला बोरू फडताळातल्या नमुन्यांपैकी होता," बाई पुढे म्हणाल्या. "चिठ्ठीचा दोरा अजून त्याला आहे, टोकाची शाई जुनी, वाळलेली. त्यांना बसवणाऱ्याला मेजावर लेखणी सापडली नाही, म्हणून त्यानं तिथून घेतली. तुळसानं हे केलं असतं का? फुलं तिनंच आणली होती, देवी बसली हे तिला ठाऊक होतं. ज्याच्या घरी देवी अजून बसायची होती, त्यालाच काल पंतांना लिहायला बसवणं सुचलं. तुळसानं पाहिली ती नुसती पाठ, आप्पा; लिहीत होते, हे ती सवयीनं म्हणाली. ती परत आली तेव्हा पंत गेलेले होते."

फौजदारांनी टोपी काढली आणि हातात धरली.

आप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "मी त्याला म्हटलं, नको वाचूस. माझी सगळ्या शाळांतून वाटलेली पुस्तिका... पोरंसुद्धा हसतील रे मला. तर म्हणाला, आप्पा, शब्द परका ठरला म्हणून तुझी झाडं काय वाळणार आहेत? आणि हसला. वाईट नाही हसला, यमुने. नेहमीसारखाच. मी त्याचे दंड धरून हलवले. तो मागे गेला. पायरी... मी हाक मारली. पुन्हा मारली."

"मग?"

"मग वाटलं, लिहिता लिहिता गेला असं लोक म्हणतील. त्यालाही तसंच आवडलं असतं."

"आणि संध्याकाळी तुळसाला नेलं तेव्हा?"

घरातून सून आरतीचं तबक घेऊन पायरीपर्यंत आली आणि सासऱ्यांचं तोंड पाहून तिथेच उभी राहिली.

"तेव्हा मी रात्रभर वाट बघितली," आप्पा म्हणाले, "की ती काहीतरी वेगळं सांगेल."

६

वाचनालयातला कार्यक्रम झाला नाही. विसर्जनाच्या दिवशी गंगुबाईंनी पंतांच्या देवघरात अक्षता टाकल्या आणि हस्तलिखित रुमालासकट फडताळात ठेवून दिलं. ते कोणाला द्यायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

तुळसाला सोडलं. फौजदार स्वतः दारापर्यंत आले आणि "माफ कर, बाई," म्हणाले. पण आळीत ती शिरली तेव्हा दारं उघडी असून कोणी हाक मारली नाही. ज्या घरांत तिला चोरटी नजर सोसावी लागली, त्यांतली दोन घरं तिचं धुणं नेहमी वाखाणायची. आप्पांना नेल्याचं दुःख लोकांना होतं, आणि ते दुःख कोणावर तरी ठेवायला हवं होतं. यमुनाबाईंनी तिला आपल्याकडे राहा म्हणून सांगितलं. ती नको म्हणाली.

"गावाला जाते, बाई. हितं प्रत्येक दारात मला चौकी दिसती."

महिपतची गाडी मंडणगडाच्या बाजूला जाणार होती. काशी आईच्या मांडीवर चढून बसली आणि आईचा पदर तिनं मुठीत असा घट्ट धरला, की बोटं पांढरी पडली. बाईंनी गाठोडं गाडीत ठेवलं, एका कागदात पोहे बांधून दिले, काशीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बाई," तुळसा म्हणाली, "एक इचारू? रागावू नका."

"विचार की."

"त्या दिवशी पंतांनी देवी बसवली नसती... त्यांचाबी देवीचा दिवस आप्पांच्याच दिवशी आला असता, तर मी सुटली असती का?"

यमुनाबाईंनी उभा जन्म मुलींच्या प्रश्नांत घालवला होता. कुठलाही प्रश्न त्यांनी कधी टोलवला नव्हता. ठाऊक नसेल तर उद्या बघून सांगते म्हणत, आणि सांगत. आता त्या गाडीच्या चाकावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

महिपतनं बैलांना हाकारलं. गाडी उताराला लागली, वळणापर्यंत गेली, तरी तुळसा मागे तोंड करून बाईंकडेच बघत बसली होती.